ग्राइंडर हातात घेण्याआधी

दहिवली, ता. कर्जत

चि. बाळ्या,

ताईचा फोन आला होता. खोपोलीच्या शेडमध्ये ग्राइंडर तुझ्या हातात दिलाय, फार्महाउसची गेटं आणि रेलिंग करतोस, हे ऐकून आनंद झाला. पण डोळ्यांवर काय लावतो विचारलं तर म्हणाली, "काळा गॉगल आहे की, स्टेशनबाहेर घेतलेला." तेव्हापासून मला चैन नाही.

अरे, तो उन्हाचा गॉगल आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. म्हणजे डिस्कची कड ताशी 200 किलोमीटरच्या वर पळते. आपल्या कर्जतवरून जाणारी वंदे भारतसुद्धा एवढी पळत नाही. डिस्कचा तुकडा उडाला तर तो याच वेगाने येणार, आणि तो साधा गॉगल फुटला तर त्याच्याच कपच्या डोळ्यात जाणार. पॉलिकार्बोनेटच्या काचेचा, दोन्ही बाजू झाकणारा घे. त्यावर आयएस 5983, ईएन 166 किंवा झेड 87+ यांपैकी एक छाप बघूनच पैसे दे. तोंडावरचा शील्ड मिळाला तरी आत गॉगल हवाच. शील्डच्या खालून कण शिरतात. वेल्डिंगची काच वेगळी, ती यात मोजू नकोस.

बहुतेकांकडे गॉगल असतो, पण तो खिळ्याला लटकलेला असतो. "एकच कट तर मारायचाय." कण काही कट मोजून उडत नाहीत. न लावण्याचं खरं कारण आळस नसतो, आपल्याकडची दमट हवा असते. घामाने काच धुरकटते, दिसेनासं होतं आणि माणूस वैतागून गॉगल कपाळावर चढवतो. म्हणून हवा खेळायला आडोशाची भोकं असलेला आणि धुकं न धरणारा लेप दिलेला घे, चार पैसे जास्त पडले तरी. काच साबणाच्या पाण्याने धू. शर्टाने कोरडी पुसलीस तर लोखंडाच्या चुऱ्याने ओरखडे पडतील. काढताना आधी मान खाली घालून भुवया झटक. तिथे साठलेला चुरा डोळ्यात पडतो.

शेजारचा ग्राइंड करत असेल आणि तू नुसता माप घेत असशील, तरी गॉगल डोळ्यांवरच ठेव. मशीनचा गार्ड काढून मोठी डिस्क बसवू नकोस, कुणीही सांगितलं तरी.

कण गेलाच तर चोळू नकोस. शेडमध्ये कुणीतरी "ये, काढून देतो" म्हणत काडी किंवा रुमालाचं टोक घेऊन येतंच. त्याला हात लावू देऊ नकोस. बुबुळात रुतलेल्या लोखंडाभोवती काही तासांतच गंज धरू लागतो. तो डॉक्टरनेच काढायचा. डोळ्यात काही घुसलंय असं वाटलं तर पाणीसुद्धा मारू नकोस, दाबू नकोस. वरून कागदी कप धर आणि तडक पनवेल गाठ. तिथे लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटसारखी डोळ्यांची रुग्णालयं आहेत. मेडिकलमधून स्वतःच ड्रॉप आणून घालू नकोस.

मालकाकडे गॉगल मागायला लाजू नकोस. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 35 खास डोळ्यांसाठीच घातलं होतं. छोट्या शेडला असा कायदा लागत नसेल, पण कण तिथेही तसेच उडतात. नाहीच दिला तर मला फोन कर, मी इथून घेऊन पाठवतो. तोवर ग्राइंडरला हात लावू नकोस.

तुझा,
मामा