चौदा गुण आले, म्हणजे डिप्रेशन झालं का?

बीरगांवहून एक वाचक भगिनी विचारतात, ‘मिस्टर उरला औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये आहेत. झोप नाही, चिडचिड होते, कशात मन लागत नाही. मुलानं मोबाईलवर नऊ प्रश्नांची चाचणी भरून घेतली, चौदा गुण आले. डिप्रेशनच ना?’

ताई, एवढ्यावर नाही म्हणता येणार. पीएचक्यू-९ नावाची ही चाचणी म्हणजे चाळणी आहे. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले, तर डॉक्टरांना दाखवायचं, इतकाच तिचा अर्थ.

निदानासाठी आम्ही मानसोपचारतज्ज्ञ जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी वर्गीकरण वापरतो. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. नैराश्यासाठी तिच्यात दहा लक्षणं आहेत. त्यांतली किमान पाच हवीत, उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक तरी हवंच. तीही जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, निदान दोन आठवडे. शिवाय कामावर, घरात त्याचा परिणाम दिसायला हवा. यादीवर खुणा कोणीही करील. आमचं डोकं लागतं ते पुढे.

झोप रात्रपाळीच्या आठवड्यातच उडते की सुट्टीतही? दारू किती? हे आम्ही घरच्यांना वेगळं बसवूनही विचारतो, कारण ‘कधीतरी थोडी’ या उत्तराचा अर्थ बायकोलाच ठाऊक असतो. दारूनंही हुबेहूब नैराश्य दिसतं. ती सुटल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर चित्र बरंच स्पष्ट होतं. (रोज पिणाऱ्यानं मात्र मनानेच एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते.) थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघावं लागतं. पुष्कळ पुरुष ‘उदास वाटतं’ असं म्हणतच नाहीत. डोकं जड आहे, गॅस होतो, धडधडतं, असंच सांगतात.

आणखी एक प्रश्न लोकांना विचित्र वाटतो: पूर्वी कधी याच्या उलट झालं होतं का? झोप नाही तरी थकवा नाही, वारेमाप खर्च, मोठमोठ्या बाता, असे काही दिवस? उत्तर ‘हो’ असेल तर आजार बायपोलर असू शकतो. मग नुसती नैराश्याची गोळी दिली, तर रोगी दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो. म्हणून ओळखीच्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नका.

नवरात्रात अंगात येतं, त्यालाही आम्ही सरसकट आजार म्हणत नाही. समाजाच्या रीतीत बसणारं, त्रास न देणारं असेल तर आयसीडीही म्हणत नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ तर स्पष्ट सांगतो की पूर्वी उपचार झाले होते, एवढ्यावरून कोणाला आज मनोरुग्ण ठरवता येत नाही.

पहिल्या कागदावर ‘प्रोव्हिजनल’ लिहिलेलं दिसलं, पुढे निदान बदललं, तर डॉक्टर बदलायची घाई करू नका. काही आजार दोन-तीन भेटींनंतरच नीट ओळखू येतात.

टाटीबंधच्या एम्समध्ये किंवा मेकाहारा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्या न्या, स्वतः सोबत जा. आणि आज घरी गेल्यावर त्या चाचणीतला नववा प्रश्न पाहा, तो मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही असेल, तर एकूण गुण कितीही असोत, थांबू नका. त्यांना एकटं न सोडता थेट दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलायचं झाल्यास १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.