हस्तव्यवसाय पाठ : इरले

विलायती चित्रांतील गवताची विणलेली टोपी मुलांच्या परिचयाची असते. कोकणातील व मावळातील इरले मात्र आपल्या जिल्ह्यातील मुलांनी पाहिलेले नसते. म्हणून शिक्षकाने प्रथम घोंगडीच्या खोळीची आठवण करून द्यावी. खोळ हाताने सावरावी लागते. भातलावणी करणारास दोन्ही हात मोकळे हवेत. याकरिता बांबूच्या पातळ कामट्यांच्या दोन जाळ्या विणून त्यांमध्ये पळसाची पाने कौलांप्रमाणे एकावर एक रचीत. उपड्या होडीसारखे हे इरले डोक्यावरून कमरेपर्यंत येई आणि वाकलेल्या पाठीवरून पाणी ओघळून जाई. ताठ उभ्या माणसास ते अवजडच!

पुढे प्लास्टिकचा कागद स्वस्त व हलका मिळू लागला आणि इरली विणणारे हात थोडे उरले. यात शेतकऱ्यास दोष कसा द्यावा? परंतु पान कसे लावले म्हणजे गळत नाही, हे ज्ञान बहुधा कोठे लिहिलेले नसते. ते विणणाराबरोबरच जाते.

पळस आपल्या बालाघाटातही आहे. गावात बुरूडकाम जाणणारे कोणी वृद्ध असल्यास त्यांस वर्गात सन्मानाने बोलवावे. मुलांनी वीतभर इरले विणून त्यावर तांब्याभर पाणी ओतावे; गळल्यास पाने पुन्हा रचावीत.