हाडे बोलतात

मुलांनो, माणूस मरतो. पण त्याची हाडे पुष्कळ वर्षे टिकतात. ती त्याची ओळखही सांगतात. कशी, ते पाहू या.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. तेथे १९७६ ते १९८३ या काळात लष्कराची राजवट होती. त्या वेळी हजारो लोकांना पकडून नेले. पुष्कळांना ठार मारून निनावी कबरींत पुरले. घरी त्यांच्या आया वाट पाहत राहिल्या.

१९८४ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ क्लाइड स्नो तेथे गेले. त्यांनी काही तरुण विद्यार्थ्यांना हाडे वाचायला शिकवले. कमरेच्या हाडांवरून स्त्री की पुरुष, ते कळते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो. दात आणि हाडांची टोके पाहून वयाचा अंदाज करतात. पूर्वी हात मोडला असेल, तर जुळलेल्या हाडावर बहुधा खूण दिसते. घरच्यांनी दिलेली माहिती या खुणांशी ताडून पाहतात. आता नातेवाइकांचे रक्तही तपासतात.

अशा रीतीने कितीतरी हाडांना नाव मिळाले. आईला मुलगा परत मिळाला नाही. पण त्याच्या कबरीपाशी बसून तिला रडता तरी आले.

शब्दार्थ : राजवट – हुकूमत. निनावी – नाव नसलेली. ताडून पाहणे – तुलना करून पाहणे.