सुई मोडायची वाट कशाला पाहायची?

आमच्याकडे मशीनची सुई बदलतात ती मोडल्यावरच. शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना मी विचारते, "सुई कधी बदललीस गं?" उत्तर ठरलेलं असतं, "काकू, चांगली आहे की अजून." चांगली म्हणजे तुटलेली नाही, एवढंच. लोकांचे ब्लाउज-परकर शिवता शिवता सुईबद्दल जे कळत गेलं, ते सांगते.

१. आधी कान द्या. कोरी सुई कापडात गुपचूप शिरते. टोक बोथट झालं की प्रत्येक टाक्याला 'टक टक' ऐकू येतं, कारण आता ती कापडाला भोसकत नाही, ठोकते. पायमशीनवर हे लगेच कळतं, मोटरच्या घरघरीत मात्र हरवतं. टाका अडीच मिलिमीटरचा धरला तर मीटरभर टिपेत सुई ४०० वेळा कापडातून आरपार जाते. अस्तराचा ब्लाउज म्हणजे थर दुप्पट. लोखंड झालं तरी झिजणारच.

२. टाके सुटायला लागले की बहुतेकजणी टेन्शनचा स्क्रू पिळत बसतात. मग दोऱ्याची रीळ बदलतात, बॉबिन केस उघडून फुंकर मारतात, आणि शेवटी मेकॅनिकला फोन. खरं तर टाका पडतो कसा ते एकदा समजून घ्यावं. सुई तळाला जाऊन किंचित वर येते, त्या क्षणी तिच्या मागच्या बाजूला दोऱ्याचा बारीकसा फास तयार होतो आणि शटलचं टोक तो फास पकडतं. सुई केसभर जरी वाकली असेल तरी शटलला फास सापडत नाही आणि टाका सुटतो. नेढ्याला आतून खरखरीतपणा आला असेल तर दोरा पिंजून तुटतो. यात टेन्शनचा काय दोष? मेकॅनिक काकांनी येऊन नुसती सुई बदलली आणि पैसे घेऊन गेले, असं आमच्या गल्लीत कित्येकदा झालंय. त्यांचं काही चुकलं नाही. काम त्यांनी बरोबरच केलं.

३. दर आठ तासांच्या शिलाईनंतर सुई बदलावी, असं साधारण सांगितलं जातं. मी घड्याळापेक्षा कापडाकडे बघते. मऊ सुती कापडावर सुई जास्त टिकते. जरीचा काठ, खळ असलेलं कोरं कापड, कॉलरचं बकरम यांच्यावर ती लवकर संपते. हल्ली आरी वर्कच्या ब्लाउजांची लाट आहे. मण्यावर किंवा टिकलीवर सुई एकदा आपटली, तर ती दिसायला धड असली तरी मी काढून ठेवते. तीच सुई पुढच्या गिऱ्हाइकाच्या रेशमावर चालवली तर सूत ओढलं जातं, टिपेच्या दोन्ही बाजूंना रेघ उमटते, आणि ती रेघ इस्त्रीने जात नाही. म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला: कोऱ्या सुईचा पहिला मान रेशमाला, मग सुती ब्लाउज, शेवटी परकर आणि पिशव्या.

४. सुई नवी असूनही टाके सुटतात, तेव्हा नंबर पाहा. पाकिटावर ९०/१४ असं छापलेलं असतं. ९० म्हणजे दांडीची जाडी ०.९ मिलिमीटर. जॉर्जेट-शिफॉनला ९ किंवा ११ नंबर, रोजच्या सुती कापडाला १४, जीन्सला १६ किंवा १८. लेगिंग-टीशर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची, बॉलपॉइंट सुईच हवी. साधी कितीही कोरी असली तरी त्यावर टाके सोडते.

५. घरगुती मशीनच्या सुईच्या वरच्या जाड भागाला एक बाजू चपटी असते. लांब खोबणीच्या बाजूने दोरा ओवायचा, तो चपट्या बाजूने बाहेर येतो. सुई वरपर्यंत टेकवून मगच स्क्रू आवळा. अर्धवट बसलेली सुई मोडलेल्या सुईइतकाच ताप देते.

६. शंका असेल तर सुई काढून चपटी बाजू आरशावर ठेवा. दांडी आणि काचेतली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. मग टोक नखावरून अलगद फिरवा. अडकलं तर मुडपलेलं आहे.

दसऱ्याला आपण मशीनला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी नवी सुईही घालावी, एवढं माझं मत. बाकी वर्षभर कापड सांगेल तेव्हा.

७. काढलेली सुई किंवा तुटलेला तुकडा केरात सुटा टाकू नका. घरात अनवाणी पोरं असतात, आणि कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायकांच्या बोटात तो तुकडा जातो. गोळ्यांची रिकामी डबी मशीनशेजारी ठेवा, त्यात जुन्या सुया साठवा, आणि डबी भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून, वर 'सुया' असं लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या.