मजुरी आधी लिही

चि. मनूस,


तुझ्या ओढगाडीची चित्रं पाहिली. पांगाऱ्याचं लाकूड, प्लास्टिकचा तुकडासुद्धा नाही, मोडली तरी मातीत मिसळेल. मन लावून केलंयस. पण त्या सगळ्या हिशेबात ती बनवणारा माणूस मला दिसला नाही, आणि खेळणारं मूलही जेमतेमच दिसलं.

रंगाचंच घे. मूल खेळणं तोंडात घालतं, म्हणून शिसं नको, हे तुला ठाऊक आहे. पण तो रंग आधी कारागिराच्या नखांत जातो, घासताना त्याची धूळ नाकात जाते, आणि काम राहत्या घरात चालत असेल तर त्याची मुलंही तिथेच रांगत असतात. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. सरकारदरबारी नोंदलेल्या हस्तकला कारागिरांना मात्र त्यातून सूट आहे. ती हवीच होती, चाचण्यांचा खर्च त्यांना झेपला नसता. पण मग रंगाची काळजी तू घ्यायची. चाकांना तरी लाख वापर. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळते आणि रंग चढतो. थिनरचा वास नाही, ब्रश नाही.

चाकं चिकटवू नकोस, खुंटीने बसव. तुटलेलं चाक गावातल्या सुताराला बदलता आलं पाहिजे. प्रत्येक चाकाला निराळी खाच दिलीस तर दृष्टिहीन मूलही ती बोटांनी ओळखेल.

अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार करायला शिकवलं. खेड्यातल्या मुलाला ते विकत घ्यावे लागले नाहीत, त्याने स्वतः जोडले. तुझ्या गाडीचाही एखादा भाग असा मोकळा ठेव. मागे काय जोडायचं ते मुलालाच ठरवू दे.

आणि किंमत. दुकानातला भाव आधी धरून उरेल ती मजुरी, असं करू नकोस. दिवसाला किती गाड्या होतात ते विचार, मजुरी आधी लिही, मग बाकीचं. भाव फार चढला तर लाकूड कमी कर, नक्षी कमी कर, मजुरीला हात लावू नकोस.

सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन ये. चित्रं दाखवायची घाई करू नकोस, आधी तिथल्या कारागिरांचं काम बघत बस. गणपतीच्या तोंडावर मात्र जाऊ नकोस, तेव्हा त्यांना बोलायला सवड नसते.

तुझी,
आत्या