दुकानाचा दरवाजा आणि घराचा दरवाजा



पावसाळ्यातील एखाद्या रविवारी आपण सहकुटुंब लोणावळ्याला जाता. भुशी धरणाच्या वाटेवर मक्याची कणसे भाजणाऱ्या स्त्रिया असतात, बाजारात चिक्कीच्या दुकानांसमोर गर्दी असते. अशाच एका दुकानात गल्ल्यावर एक स्त्री बसलेली दिसते. आपण विचारता, "शेठ कुठे आहेत?" ती उत्तरते, "दुकान माझंच आहे, भाऊ." आपण किलोभर चिक्की घेता, पैसे देता, व्यवहार पुरा होतो. परंतु गाडीत बसल्यावर चर्चा सुरू होते ती चिक्कीची नव्हे. हिचा नवरा काय करतो? आहे तरी का? मुले कोणाकडे असतात? एवढे भांडवल हिच्याकडे आले कुठून? मागे कोणीतरी असणारच! गाडी कामशेतला पोहोचेपर्यंत त्या अनोळखी स्त्रीचे अवघे आयुष्य आपण रचून टाकलेले असते आणि मागे बसलेल्या आपल्या मुलीने ते सगळे ऐकलेले असते.

तुंगार्ली आणि खंडाळ्याच्या बंगल्यांच्या रस्त्यांवरही हाच अनुभव येतो. उद्योगपती पुरुषाचा बंगला दाखवला की आपण विचारतो, केवढ्याला घेतला असेल? बंगला एखाद्या उद्योजक स्त्रीचा असला की प्रश्न बदलतो. ती येथे कोणाबरोबर येते, हे आपल्याला जाणून घ्यायचे असते.

दिव्य कुरआनने या वृत्तीला नाव दिले आहे. सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत ईमानधारकांना तीन गोष्टींपासून रोखले आहे आणि त्यांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम बदगुमानी, म्हणजे पुराव्याविना वाईट तर्क. त्यानंतर तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या झाकलेल्या गोष्टींचा शोध. शेवटी गीबत, जिला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. गाडीतील ती चर्चा याच पायऱ्यांनी उतरत जाते. "मागे कोणीतरी असणारच" हा तर्क झाला. मग त्या गावातील ओळखीच्या माणसाला फोन करून "ती बाई कोण हो?" असे विचारणे आले. पुढच्या शुक्रवारी नातेवाइकांच्या बैठकीत तीच गोष्ट सांगितली जाते, तोवर तर्काची बातमी झालेली असते.

ती स्त्री आपल्या समाजाची नसेल तर हा नियम सैल होतो, असा समज कोणी करून घेऊ नये. सूरह अन-नूरच्या २७ व्या आयतीत परवानगीशिवाय ज्या घरांत शिरण्यास मनाई आहे, ती "आपली नसलेली" घरे आहेत. घरमालकाचा धर्म तेथे विचारलेला नाही. पुढच्याच आयतीत, परत जा असे सांगितले गेले तर परत फिरावे, तेच अधिक पवित्र आहे, असे शिकवले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या दाराच्या फटीतून एकाने आत डोकावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला कठोर शब्दांत बजावले की परवानगीचा नियम नजरेसाठीच आहे. माणूस पाऊल न टाकताही दुसऱ्याच्या घरात शिरू शकतो. आज त्यासाठी दाराची फटही लागत नाही, खिशातील मोबाइल पुरतो.

आता आपल्याच इतिहासाकडे वळू या. ह. खदीजा (रजि.) या मक्केतील प्रतिष्ठित व्यापारी होत्या. त्यांचा माल शामच्या बाजारपेठांत जात असे. त्यांच्याविषयी आपल्या बैठकांत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न कोणता? निकाहाच्या वेळी त्यांचे वय किती होते, हा! प्रसिद्ध कथनानुसार ४० वर्षे, काही कथनांनुसार २८. इतिहासाच्या अभ्यासकांनी ही चर्चा अवश्य करावी. पण चौदाशे वर्षांनंतरही एका व्यापारी स्त्रीचे नाव निघताच आपले कुतूहल प्रथम तिच्या वयाकडे आणि विवाहाकडे धावते, याची मला खंत वाटते. त्यांनी व्यापारासाठी माणूस कसा निवडला, हे किती जणांना सांगता येईल? मुहम्मद (स.) यांची सत्यवचनी आणि अमानतदार अशी ख्याती त्यांनी ऐकली होती. इतरांना देत त्याहून अधिक मोबदला देऊ करून त्यांनी आपला माल त्यांच्या स्वाधीन केला, सोबत मैसरा या आपल्या सेवकाला पाठवले आणि काफिला परतल्यावर त्याच्याकडून प्रवासाची हकीगत ऐकली. ही चौकशीच होती. मात्र ती ज्या गोष्टीशी त्यांचा संबंध होता तिचीच होती.

येथे एक शंका निघेल. मग कोणाविषयी काहीच विचारू नये काय? तसे नव्हे. फातिमा बिन्त कैस (रजि.) यांना निकाहाची मागणी आली, तेव्हा त्यांनी प्रेषितांचा (स.) सल्ला घेतला. प्रेषितांनी (स.) एका इच्छुकाची गरिबी आणि दुसऱ्याचा कडक हात, दोन्ही स्पष्ट सांगितले. एका स्त्रीचे आयुष्य त्यावर अवलंबून होते. इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये दुसऱ्याचा दोष बोलण्यास मुभा असलेले सहा प्रसंग नोंदवले आहेत. अन्यायाची दाद मागणे आणि सल्ला विचारणाऱ्यास सावध करणे हे त्यांपैकी होत. मावळात आज स्त्रिया बचत गट चालवतात, गुलाबाच्या हरितगृहांत राबतात, इंद्रायणी तांदूळ विकतात. त्यांच्यापैकी एखादीने वजनात खोट केली किंवा मजुरी थकवली, तर तक्रार करणे हा आपला हक्कच आहे, आणि पुरुष व्यापाऱ्याबाबतही नेमका तितकाच आहे. सून म्हणून तिची मुलगी मागायची असेल तर त्यापुरती चौकशीही करावी. पण ज्याला तिच्याकडून केवळ किलोभर चिक्की घ्यायची आहे, त्याला तिच्या तलाकची हकीगत कशाला हवी?

हा भेद एका जवळच्या उदाहरणाने अधिक उलगडतो. लोणावळ्याहून सुटलेली लोकल मावळ ओलांडून चिंचवडला थांबते. चिंचवडला थरमॅक्स कंपनीचा कारखाना आहे. १९९६ साली कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा यांचे निधन झाले आणि सूत्रे त्यांच्या पत्नी अनु आगा यांच्याकडे आली. पुढे सुमारे वर्षभरात त्यांचा तरुण मुलगा मोटार अपघातात गेला. कंपनीची स्थितीही बिघडत गेली, शेअरचा भाव कोसळला. तेव्हा एका भागधारकाचे निनावी पत्र त्यांना आले. तुम्ही आम्हा भागधारकांना निराश केले आहे, असा त्याचा आशय होता. निनावी पत्र लिहिणे मला व्यक्तिशः रुचत नाही. पण त्यातील तक्रार रास्त होती, कारण ती पैशाच्या अमानतीविषयी होती. अनु आगा यांनीही ती तशीच घेतली. बाहेरील सल्लागार नेमून कंपनीची फेररचना केली आणि २००४ साली कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे अध्यक्षपद सोपवले.

आपल्या दुःखाविषयी, विपश्यनेतून मिळालेल्या आधाराविषयी त्या पुढे स्वतःहून बोलल्या. त्यांनी आपला दरवाजा जितका उघडला तितकेच आपण पाहावे. त्याहून आत डोकावण्याचा अधिकार भागधारकालाही नाही, मग आपल्याला कोठून येणार? (याच पारशी भगिनीने २००२ साली गुजरातमधील मदत छावण्या पाहून देशातील उद्योगपतींसमोर पीडितांची बाजू निर्भयपणे मांडली. त्यांच्याविषयी काही जाणून घ्यायचेच असेल तर हे जाणून घ्यावे.)

कुरआनमध्ये प्रश्न विचारण्याची आणखी एक सुंदर रीत आली आहे. मदयनच्या पाणवठ्यावर ह. मूसा (अ.) यांना दोन मुली जनावरे अडवून बाजूला उभ्या दिसल्या. त्यांनी एकच प्रश्न केला, तुमची अडचण काय? गुराखी निघून गेल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही आणि वडील वयोवृद्ध आहेत, असे त्या म्हणाल्या. मूसा (अ.) यांनी जनावरांना पाणी पाजले आणि ते सावलीत जाऊन बसले. घरात भाऊ नाही का, निकाह झाला का, यांतले काहीही नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरानंतर आपण हात पुढे करणार आहोत, तो जरूर विचारावा.

आता मागे बसलेल्या त्या मुलीकडे पुन्हा येऊ. तिला शिवणकाम येते, हिशेब उत्तम जमतो, उद्या ती स्वतःचे काही सुरू करू पाहते. पुरुषांना त्यांच्या कमाईचा वाटा आहे आणि स्त्रियांना त्यांच्या कमाईचा, ही सूरह अन-निसाची ३२ वी आयत तिने मकतबात वाचली आहे. तरीही ती अडखळते, कारण यशस्वी स्त्रीविषयी घरातील माणसे काय बोलतात हे तिने कानांनी ऐकले आहे. भांडवल मिळाले नाही म्हणून थांबलेल्या मुली थोड्या असतील. लोक काय म्हणतील या भीतीने थांबलेल्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. आणि ते लोक म्हणजे आपणच असतो, गाडीतले, दस्तरख्वानाभोवतीचे.

अफवेची आग किती दूर जाते, हे मदीनेने अनुभवले आहे. ह. आएशा (रजि.) यांच्यावर तोहमत घेतली गेली आणि सुमारे महिनाभर ती शहरात फिरत राहिली. सूरह अन-नूरच्या १५ व्या आयतीत म्हटले आहे की लोक त्या बोलण्याला किरकोळ समजत होते, पण अल्लाहजवळ ती फार मोठी गोष्ट होती. त्या दिवसांत प्रेषितांनी (स.) आपल्या दुसऱ्या पत्नी ह. जैनब बिन्त जहश (रजि.) यांनाही आएशांविषयी विचारले. प्रेषितांजवळील मानात आएशांची बरोबरी करणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांची सख्खी बहीण हमना अफवा पसरवणाऱ्यांत सामील होती. जैनब (रजि.) म्हणाल्या की मी माझे कान आणि डोळे जपते, मला तिच्याविषयी चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही.

या जैनब (रजि.) हातांनी कष्ट करून कमावणाऱ्या होत्या. कातडे कमावणे आणि शिवणे हे त्यांचे काम, आणि मिळकत त्या सदका करून टाकीत. आपल्या पत्नींपैकी जिचे हात सर्वांत लांब ती मला प्रथम येऊन मिळेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते. त्यांच्या पश्चात त्या एकमेकींचे हात मोजून पाहत असत. हिजरी २० मध्ये जैनब (रजि.) यांचे निधन प्रथम झाले, तेव्हा लांब हातांचा अर्थ सर्वांना कळला. ही हकीगत आपल्यापर्यंत पोहोचली आहे ती ह. आएशा (रजि.) यांच्याच तोंडून.