सुपारी खाणाऱ्याचे तोंड आणि भूल

रुग्णाला झोपवण्यापूर्वी त्याचे तोंड किती उघडते, हे भूल देणाऱ्या डॉक्टरने स्वतः पाहायला हवे. रुग्णाने आपलीच तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये उभी घालावीत; ती गेली तर तोंड साधारण चार सेंटिमीटर उघडते. खर्रा, मावा आणि गुटखा खाणारे गावोगाव असलेल्या महाराष्ट्रात एवढी तपासणी घाईत राहून गेली, तर ते जिवावर बेतू शकते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडे आखडलेले रुग्ण आजही टेबलावर येतात.

तोंडातून श्वासनलिकेकडे जाणारी वाट सरळ नसते. जिभेच्या मुळाशी एपिग्लॉटिस हे झाकण असते आणि त्याच्या आड स्वरतंतू. लॅरिंगोस्कोपचे पाते जीभ बाजूला सारून वर उचलते, तेव्हा कुठे स्वरतंतू दिसतात आणि त्यांच्यामधून नळी घालता येते. भूल चढली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते. स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावर तर श्वास थांबतोच. आधी तीन मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिलेला असेल, तर निरोगी माणूस काही मिनिटे तग धरतो. स्थूल व्यक्तीला आणि गरोदर बाईला तेवढाही वेळ मिळत नाही.

सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात. या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये दिले. टाळू पांढुरकी दिसते, गालाच्या आतून बोट फिरवले की उभ्या ताठ दोऱ्या हाताला लागतात, जीभ पुरती बाहेर येत नाही. हे सगळे वर्षानुवर्षे हळूहळू होत असल्याने रुग्ण सरावलेला असतो. तिखट सोडतो, घास लहान करतो आणि हर्नियाच्या ऑपरेशनला आल्यावर तोंडाचा विषयही काढत नाही. ‘काही व्यसन?’ असे विचारले तर तो ‘नाही’ म्हणतो आणि ते मनापासून म्हणतो, कारण सुपारी त्याच्या लेखी व्यसनात येतच नाही. म्हणून नावे घेऊन विचारावे: खर्रा खाता का? मावा? नुसती सुपारी?

अनेकांना ठेच लागते ती पुढच्या समजुतीपाशी. दाढेच्या ठणक्याने मिटलेला जबडा भूल दिल्यावर बहुधा सैल पडतो, तसाच हाही पडेल असे वाटते. तो पडत नाही. इथे स्नायू आवळलेले नसून अस्तरच घट्ट झालेले असते आणि त्यावर शिथिल करणाऱ्या औषधाचा उपयोग नाही. औषध दिले जाते, श्वास थांबतो, तोंड मात्र होते तेवढेच, एका बोटाचे. पाते शिरत नाही, जीभ उचलून धरणारी तोंडातली नळी बसत नाही, आणि आणीबाणीत हाताशी असणारा लॅरिंजियल मास्कही त्याच फटीतून जायचा असतो. चेहऱ्यावर धरलेल्या मास्कने हवा जात राहिली तर नशीब.

अशा रुग्णाला जागे ठेवूनच नळी घालावी. नाकपुडीत रक्तवाहिन्या आकसणारे थेंब सोडावेत, नाक आणि घसा लिग्नोकेनने बधिर करावा आणि फायबरऑप्टिक स्कोपवरून नाकावाटे नळी सरकवावी. रुग्ण स्वतः श्वास घेत असतो, हीच या पद्धतीची खरी सुरक्षितता. मात्र त्याला आदल्या दिवशी नीट समजावलेले असावे. घाबरलेला माणूस मान हलवतो, खोकतो आणि सगळे बिघडते. नळी जागी आहे याची खात्री कॅप्नोग्राफवरच्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखानेच करावी.

कंबरेत इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया होणार असली, तरीही ही तयारी सोडू नये. ती भूल अपुरी पडली किंवा फार वर चढली, तर पुन्हा त्याच तोंडाशी गाठ असते. कंठमण्याखाली हाताला लागणारा क्रिकोथायरॉइड पडद्याचा खळगा आधीच चाचपून पेनाने खूण करून ठेवावी. ऑक्सिजन देण्याचे बाकी सगळे मार्ग बंद झाले, तर छेद तिथेच द्यायचा असतो.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पूर्ण शुद्धीवर येऊन सांगितलेले ऐकू लागेपर्यंत नळी काढू नये. घरी जाताना त्याच्या फाइलमध्ये आणि वेगळ्या कागदावर तोंड किती उघडते, नळी कोणत्या मार्गाने व कशी घातली हे लिहून द्यावे. तो कागद पुढच्या प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी दाखवायचा आहे, हे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही सांगावे.